गुणाजीनं हत्तीला सील आणलं

एका गावात एक भोळा गुणाजी राहत होता. गावात राहणारे पुष्कळ होते, पण एवढा भोळा तो एकटाच. त्याला कुणी म्हणालं, "जरा थांब, आलोच," तर तो माणूस परत येईपर्यंत गुणाजी तिथंच उभा. मग तो माणूस एस.टी.त बसून परगावी का गेलेला असेना.

त्याची बायको वैजंता. तिचा जीव सदा टांगणीला. एक डोळा पाळण्यातल्या बाळावर, एक डोळा नवऱ्यावर. ती म्हणायची, "बाळ परवडलं. ते निदान आधी रडतं, मग घोटाळा करतं. आमचे हे हसत हसत करतात."

गावाच्या कडेला अप्पांचं कोल्ड स्टोअरेज होतं. आसपासच्या द्राक्षबागांचा बेदाणा सुकला की पेट्या भरून तिथं यायचा. आत मोठमोठ्या थंडगार खोल्या. त्यांना चेंबर म्हणायचे. चेंबरमध्ये थेट छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर पेट्याच पेट्या. त्या वर चढवायला अप्पांनी एक गाडी आणली होती. बॅटरीवर चालणारी. धूर नाही, धडधड नाही, नुसतं गुं गुं. पुढं दोन लांब लोखंडी काटे. काट्यांवर पेट्यांची थप्पी घ्यायची, दांडी ओढायची, की काटे थप्पीसकट वर. बिलावर तिचं नाव फोर्कलिफ्ट होतं. गावानं पुढचे दोन सुळे बघितले, सोंड शोधली, ती काही सापडली नाही. तरी नाव ठेवलं हत्ती.

गुणाजी तिथं कामाला होता. झाडलोट करायची, हत्तीच्या बॅटरीत पाणी घालायचं, पेट्यांवरची धूळ पुसायची. नोकरी कायम नव्हती. कायम करा म्हटलं की अप्पा म्हणायचे, "बघू." वैजंता रोज देवाला हात जोडायची. "देवा, अप्पांचं बघून होऊ दे."

आणि ऐन हंगामाच्या तोंडावर हत्ती आजारी पडला.

काटे वर न्यावेत, की ते आपले आपण खाली यायला लागायचे. हळूहळू. दमलेला बैल बसतो तसे. खाली फरशीवर तेलाचं थारोळं. अप्पांनी भरमू मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं काटे उचलणारा सिलिंडर खोलला आणि आतून एक रबरी कडं काढून दाखवलं. काळं, बांगडीएवढं, एका कडेला फाटलेलं.

"हे सील," मिस्त्री म्हणाला. "हे तेल अडवून धरतं. हे फाटलं की तेल गळतं. तेल गळलं की काटे बसतात."

"एवढ्याशा रबरापायी माझा एवढा हत्ती बसला?" अप्पा म्हणाले.

"नवं घातलं की उठतोय बघा."

बाकीचे गडी बेदाणा सुकवायच्या शेडवर अडकले होते. रिकामा होता तो गुणाजी. अप्पांनी त्याला बोलावलं. "गुणाजी, नीट ऐक. व्यापाऱ्यांच्या माल भरलेल्या लॉऱ्या आता कधीही येतील. त्याच्या आत हत्ती उभा राहिला, तर तुझं कायमचं बघू. नाही राहिला, तर तू घरी."

घरी जायचं म्हणजे काय, ते गुणाजीला ठाऊक होतं. वैजंतानं सांगूनच ठेवलं होतं. "ही नोकरी गेली तर मी बाळाला उचलणार आणि माहेरी जाणार. तुम्ही बसा रिकाम्या पाळण्याला झोके देत."

मिस्त्रीनं ते फाटकं सील गुणाजीच्या हातात ठेवलं. "सांगलीच्या दुकानात हा नमुना दाखवायचा. हुबेहूब असंच पाहिजे म्हणायचं. जराही फरक चालणार नाही."

गुणाजीनं मान डोलावली. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळा घोटाळा तिथंच तर होता.

दुकानदारानं नमुना बघितला, माप घेतलं, पाकिटातून नवं सील काढून दिलं. गुणाजीनं दोन्ही सीलं शेजारी शेजारी धरली. उजेडात धरली. सावलीत धरली.

"हे नको," तो म्हणाला.

"का? माप तंतोतंत आहे."

"ते फाटलंय. हे फाटलेलं नाही."

"अहो, नवं आहे ते! फाटलेलं कसं असेल?"

"मिस्त्री म्हणाले, जराही फरक चालणार नाही. तुमच्याकडं फाटलेलं नसलं तर तसं सांगा."

दुकानदारानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला. गुणाजी बिचारा विचारात पडला. मोकळ्या हातानं परत कसं जायचं? शेवटी पैसे देऊन त्यानं तेच नवं सील घेतलं. शेजारी शिंप्याचं दुकान होतं. त्यानं शिंप्याकडून ब्लेड मागून घेतलं, पायरीवर मांडी घातली आणि जुन्याकडं बघत बघत नवं सील कापलं. तेवढंच. त्याच जागी. जुन्याला एक बारीक ओरखडा होता, तोही काढला. मग दोन्ही पुन्हा शेजारी धरली आणि त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

गुणाजी गावी परतल्यावर मिस्त्रीनं सीलाची पुडी सोडली. "अरं, हे तर जुनंच परत आणलंस!"

"नाही मिस्त्री. जुनं ह्या खिशात. हे नवं आहे. फरक ओळखून दाखवा."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "अरं शहाण्या, फाटक्याच्या जागी फाटकं घालतात व्हय? जुनं झालं की ते काढायचं. त्या जागी नवं ठेवायचं. आणि नवं असतं नाजूक. घरच्या लेकरागत जपायचं त्याला. कळलं?"

"असं आधी सांगायचं," गुणाजी म्हणाला. "जुनं काढायचं, त्या जागी नवं ठेवायचं, लेकरागत जपायचं. आता बघाच."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो सांगलीला गेला आणि नवं सील घेऊन आला. अगदी कोरं. मिस्त्री यायला वेळ होता, म्हणून तो सील घेऊन आधी घरी गेला. वैजंता नळावर पाण्याला गेली होती. बाळ पाळण्यात होतं.

लेकराला कसं जपतात, हे गुणाजीला कुणी सांगायची गरज नव्हती. घरात रोज बघत होता. त्यानं सीलाला खोबरेल तेल चोळलं. चांगलं जिरेपर्यंत चोळलं. अंगणात नेऊन कोवळं ऊन दाखवलं. कढत पाण्यानं अंघोळ घातली. मग शेगडीत निखारे घातले, वर ओवा टाकला आणि सीलाला धुरी दिली. एका बाजूनं शेकलं. उलटं करून दुसऱ्या बाजूनं शेकलं. पावडर लावली. काळ्या सीलावर काजळाची तीट दिसेना, म्हणून जरा मोठी लावली. शेवटी दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवलं आणि दोरी ओढत बसला.

वैजंता घागर घेऊन आली. पाळणा हलतोय, नवरा गातोय. तिला बरं वाटलं. जवळ येऊन तिनं आत डोकावलं आणि घागर तिच्या हातातून सुटली.

"अहो! बाळ कुठंय?"

"खाली ठेवलंय. गोधडीवर."

"खाली का?"

"ते जुनं झालं ना. सात महिन्यांचं आहे. हे आजचंच आहे."

बाळ गोधडीवर पडून स्वतःचा अंगठा चोखत होतं. त्याचं काही बिघडलं नव्हतं. वैजंतानं त्याला उचलून छातीशी असं धरलं, की आता ते तिच्या काखेतून थेट शाळेलाच जाणार. "हे काय पाळण्यात घातलंय तुम्ही? आणि वास कसला येतोय?"

वास रबराचा होता. शेगडीवर शेकून सील तळलेल्या वड्यासारखं झालं होतं. एका बाजूनं फुगलेलं, दुसऱ्या बाजूनं आक्रसलेलं. मिस्त्रीनं कामावर आल्यावर ते दोन बोटांत धरून उलटसुलट बघितलं.

"तीट कुणी लावली ह्याला?" त्यानं विचारलं.

"मीच. दृष्ट लागायला नको म्हणून."

"अरं माणसा! रबर आहे ते! त्याला ऊन दाखवायचं नाही, शेक द्यायचा नाही. कुठलंही नाजूक सामान असं ठेवायचं. ग्रीस चोपडायचं, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळायचं, तोंड बांधायचं, थंड जागी ठेवून द्यायचं आणि कुणाचा हात लागू द्यायचा नाही. हे तरी ध्यानात राहील का?"

"राहील की. न राहायला काय झालं?"

त्या दिवशी वैजंतानं विचारलं, "मिस्त्री काय म्हणाले?" गुणाजीनं सगळं सांगितलं. ग्रीस, प्लॅस्टिक, तोंड बांधायचं, थंड जागा. वैजंतानं नवऱ्याकडं बघितलं, बाळाकडं बघितलं आणि बाळाला घेऊन शेजारच्या पार्वतीकाकूंकडं जाऊन बसली. दाराला आतून कडी घालून.

अप्पांचा आता धीर सुटला होता. "गुणाजीच्या हातात पुन्हा सील द्यायचं नाही," ते मिस्त्रीला म्हणाले. "तुम्हीच घेऊन या." आणि गुणाजीला म्हणाले, "तू फक्त मिस्त्रींना फाट्यावरून आण. माणूस वयस्कर आहे. नाजूक तब्येतीचा आहे. नीट आण."

नाजूक म्हटल्यावर गुणाजीला पुढचं सांगायला नको होतं.

भरमू मिस्त्री सांगलीहून सील घेऊन एस.टी.तून उतरला. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात. फाट्यावरच्या लिंबाखाली कट्टा होता. गार वारं होतं. मिस्त्री कट्ट्यावर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला.

गुणाजी हातगाडा घेऊन आला. गाड्यावर ग्रीसचा डबा, प्लॅस्टिकची ताडपत्री आणि सुतळी. त्यानं मिस्त्रीची टोपी बाजूला ठेवली आणि टकलापासून सुरुवात केली.

मिस्त्रीला स्वप्नात वाटलं, न्हावी चंपी करतोय. "जरा कानामागं," तो झोपेतच म्हणाला.

गुणाजीनं कानामागंही चोपडलं. हात झाले, पाय झाले. मग ताडपत्रीत गुंडाळलं. तोंड बांधायचं होतं, पण मिस्त्री घोरत होता आणि घोरणाऱ्याचं तोंड बांधलं तर घोरणं जाणार कुठं, असा विचार करून त्यानं मिस्त्रीच्या नाकाला वाट ठेवली. एवढी अक्कल देवानं त्याला दिली होती. गाड्यावर घातलं आणि निघाला. वाटेत लोक विचारायचे, "गुणाजी, काय नेतोयस?" गुणाजी म्हणायचा, "नाजूक सामान. हात लावू नका."

अप्पा दारात वाट बघत होते. "मिस्त्री आले का?"

"आणले की."

"मग कुठं आहेत?"

"ठेवलेत."

"ठेवलेत म्हणजे? कुठं ठेवलेत?"

"चेंबरमध्ये. सगळ्यात मागच्या मांडणीवर. तिथं थंडी चांगली असते."

अप्पा धावले. मिस्त्री जागा झाला होता. दात कडकडा वाजत होते आणि ग्रीसमुळं बाहेर काढणाऱ्यांच्या हातातून तो दर वेळी सुळकन निसटत होता. त्याला शाल घातली, चहा दिला. कप हातातून घसरला. दुसरा दिला. खिशातलं सील मात्र झकास राहिलं होतं.

"मेल्या!" अप्पा ओरडले. "ते पाहुणे! पाहुण्याला असं आणतात? बसायला खुर्ची द्यायची, पाणी विचारायचं, चहा पाजायचा, चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलायच्या, जेवून जा म्हणायचं! पुढच्या वेळी असं केलं नाहीस, तर नोकरी गेली समज!"

नोकरीचं नाव निघालं तसा गुणाजी घाबरला. "करतो अप्पा. पुढच्या वेळी अगदी असंच करतो."

पुढच्या वेळी पाहुणा आला नाही. लोखंड आलं.

झालं असं, की मिस्त्रीनं अंग पुसून सिलिंडर पुन्हा तपासला. आतल्या दांड्यावर ओरखडा होता. तोच सील फाडत होता. दांडा गुळगुळीत केल्याशिवाय नवं सीलही टिकणार नव्हतं. दांडा तालुक्याला लेथवर घासायला गेला आणि झाल्यावर तो आणायला गुणाजी गेला. दुसरं पाठवायला होतंच कोण?

दांडा माणसाच्या उंचीचा होता. आरशासारखा चकचकीत. गुणाजीनं त्याला एस.टी.त खिडकीजवळची जागा दिली आणि स्वतः कडेला अंग चोरून बसला.

कंडक्टर आला. "हे लोखंड खाली घे."

"पाहुणे आहेत," गुणाजी म्हणाला.

"कोण?"

"अप्पांकडं चाललेत. तुम्ही हळू बोला, त्यांना सवय नाही."

कंडक्टरनं दोघांकडं बघितलं. दोघांतला दांडाच त्याला जरा समजूतदार वाटला. तो पुढं निघून गेला.

फाट्यावर उतरल्यावर गुणाजीनं त्याला हॉटेलात नेलं. खुर्चीत टेकवून बसवलं. पाणी विचारलं. दोन चहा सांगितले.

"काय, प्रवास कसा झाला?" त्यानं विचारलं.

दांडा गप्प.

"आमचं बाळ सात महिन्यांचं आहे. दात येतायत. सारखं रडतंय. तुम्हाला मुलंबाळं?"

दांडा गप्प.

हॉटेलवाला बघत राहिला. गुणाजीनं त्याला खुणेनं सांगितलं, बोलत नाहीत, लाजतायत. चहा गार होत आला, तसा त्यानं तो आग्रह करून दांड्यालाच पाजला. म्हणजे वरून ओतला. वाटेत दांड्याला मुंग्या लागल्या.

तिथून खांद्यावर आडवा घेऊन तो कोल्ड स्टोअरेजला पोचला. "अप्पा, पाहुणे आले हो!" म्हणून त्यानं आनंदानं आत पाऊल टाकलं. अप्पा लगबगीनं दारात आले आणि दांड्याचं टोक सरळ त्यांच्या पोटात बसलं.

अप्पा खाली बसले. "गाढवा," ते म्हणाले, "सामानाचं टोक असं बाहेर येत असेल, तर त्याला लाल फडकं बांधतात. ट्रकवाले बांधतात बघ. म्हणजे लांबून दिसतं, कुणाला लागत नाही."

"बांधतो अप्पा. आता जेवायचं बघू का? पाहुणे उपाशी आहेत."

मिस्त्रीनं मुंग्या झटकल्या, दांडा पुसला आणि अप्पा काही बोलायच्या आत सिलिंडरमध्ये सरकवला. नवं सील तेलात भिजवून, तोंड तेलाच्या बाजूला करून, हलक्या हातानं बसवलं. नट आवळले. तेल भरलं.

"झालं," मिस्त्री म्हणाला. "आता परीक्षा. काटे वर न्यायचे आणि तसेच ठेवायचे. खाली आले नाहीत, म्हणजे सील पक्कं. वजन ठेवून बघा. पण माणूस चढवू नका त्यावर. हत्तीचं काम माणसं उचलायचं नाही." आणि तो हौदावर कानामागचं ग्रीस धुवायला गेला. ते अजून निघत नव्हतं.

तेवढ्यात फोन आला. लॉऱ्या निघाल्या होत्या. दुपारपर्यंत दारात येणार.

अप्पांनी चेंबरमध्येच उभ्या असलेल्या हत्तीच्या बैठकीवर गुणाजीला बसवलं. "ही चावी. ही दांडी मागं ओढली की काटे वर, पुढं ढकलली की खाली. समजलं? आता ही शेवटची परीक्षा. काटे वर गेले की एक बोटभरसुद्धा खाली येता कामा नयेत. आले, तर तुझी नोकरी गेली. मग वैजंता रडत आली तरी ऐकणार नाही."

"आणि नाही आले तर?"

"तर बघू."

रिकामा पाळणा गुणाजीच्या डोळ्यांपुढं हलायला लागला. त्यानं दांडी दोन्ही हातांनी धरली.

आता काट्यांवर वजन काय ठेवायचं? अप्पांना वाटलं, वरच्या मांडणीवरच्या जुन्या पेट्याही एकदा बघायच्या आहेत. दोन कामं एकदम होतील. मिस्त्री हौदावर होता, अडवायला कुणी नव्हतं. काट्यांवर लाकडी फळ्या होत्या. त्यांवर अप्पा स्वतःच उभे राहिले आणि म्हणाले, "घे वर!"

गुणाजीनं दांडी ओढली. गुं गुं करत अप्पा वर गेले. पहिली मांडणी गेली, दुसरी गेली, अप्पा छताला टेकले. टोपी चेपली.

"बस!" अप्पा म्हणाले.

हत्ती थांबला. गुणाजीनं डोळे बारीक करून बघितलं. काटे जराही हलले नाहीत. अप्पांनी पेट्या बघितल्या, मोजल्या, खूश झाले.

"घे खाली!"

गुणाजी हलला नाही.

"अरे, घे खाली!"

"नाही अप्पा," गुणाजी म्हणाला. "मी काही एवढा भोळा नाही."

"काय?"

"काटे खाली आले तर नोकरी गेली. तुम्हीच म्हणालात. तुम्ही परीक्षा बघताय माझी."

"परीक्षा संपली! खाली घे, नाहीतर आत्ता काढून टाकीन!"

गुणाजीनं विचार केला. खाली घेतलं तरी काढणार, नाही घेतलं तरी काढणार. मग निदान काटे तरी वर राहू देत. अप्पा वाकून बघायला गेले आणि तोल जाईल म्हणून फळीवर बसले. दोन्ही पाय पुढं लोंबले.

ते लोंबते पाय गुणाजीला दिसले. टोक बाहेर आलं होतं. तो उतरला, कोपऱ्यातली शिडी लावली, वर चढला आणि अप्पांच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना लाल फडकं बांधून खाली आला. अप्पा तिच्यावर पाय टाकायच्या आत शिडी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. वस्तू जागेवर ठेवायची त्याला सवय होती.

मग त्याला चावीची आठवण झाली. आपली अख्खी नोकरी ह्या चावीवर लटकलीय. कुणी आलं आणि फिरवली तर? एवढी नाजूक वस्तू उघडी ठेवायची? त्यानं चावी काढली. ग्रीस चोपडलं. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळली, तोंड बांधलं. थंड जागा तर सगळीकडंच होती. आणि कुणाचा हात लागणार नाही, अशी तिची सोयही केली.

वर अप्पा कुडकुडायला लागले होते. गुणाजीला वाईट वाटलं. "अप्पा, चहा घेणार का?" त्यानं खालून विचारलं. "जेवूनच जा आता."

"गुणाजी," अप्पांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाळा, तुला कायम करतो. आजपासून. आत्तापासून. देवाची शपथ. आता घे खाली."

नेमकी तेव्हाच वैजंता भाकरी घेऊन आली. कडेवर बाळ. तिनं फक्त "कायम करतो" एवढं ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अप्पा, तुमचे फार उपकार झाले," असं म्हणून ती नमस्काराला वाकली आणि तिच्या लक्षात आलं, की समोर अप्पा नाहीतच. तिनं वर बघितलं. लाल फडकी बांधलेले दोन पाय.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे काय केलंत?"

"कायम झालो!"

"ते ऐकलं. पण अप्पांना खाली घ्या ना."

"आत्ताच मिळालेली नोकरी आत्ताच घालवू?"

वैजंतानं बाळाला या काखेतून त्या काखेत घेतलं. इतके दिवस संसार केला होता, गुणाजीशी कसं बोलायचं ते तिला माहीत होतं. "काटे नका आणू खाली," ती म्हणाली. "काटे राहू देत तिथंच. अप्पांना तेवढं शिडीवरून उतरवा."

"असं सांग की!" गुणाजी म्हणाला आणि शिडी लावली.

अप्पा उतरले. बाहेर लॉऱ्यांचे हॉर्न वाजत होते. मिस्त्रीही हौदावरून परत आला होता. अप्पा तडक हत्तीवर चढले आणि चावीसाठी हात घातला. तिथं नुसतं भोक होतं.

"चावी?"

"ठेवलीय जपून. ग्रीस लावून."

"कुठं?"

"बेदाण्याच्या पेटीत."

अप्पांनी चेंबरभर नजर फिरवली. खालपासून छतापर्यंत पेट्या. डावीकडं पेट्या. उजवीकडं पेट्या.

"कोणत्या पेटीत?"

गुणाजीनंही बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मोठ्या कौतुकानं म्हणाला, "सगळ्या हुबेहूब आहेत हो अप्पा. जराही फरक नाही."

मिस्त्री खाली वाकला. सिलिंडरखालून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. कोरडं ठक्क. "पाइप सोडला तर काटे उतरतील," तो म्हणाला, "पण मी काही सोडायचा नाही. इतकं पक्कं बसलेलं सील जन्मात बघितलं नाही. थेंबसुद्धा नाही हो!"

अप्पांनी देवाची शपथ घेतलेली होती आणि ती वैजंतानं ऐकलेली होती. तेव्हापासून गुणाजी कायम आहे. हत्तीशेजारी स्टूल टाकून बसतो आणि काट्यांवर नजर ठेवतो. काटे वरच आहेत. बेदाण्याच्या पेट्या मात्र माणसं डोक्यावर घेऊन शिडीनं चढवतात आणि पेट्या उतरल्या की अप्पा प्रत्येकीत कोपरापर्यंत हात घालून बघतात.

तुम्ही कधी बेदाणा आणलात आणि त्यात ग्रीस लावलेली चावी निघाली, तर अप्पांना गुपचूप नेऊन द्या. गुणाजीला कळू देऊ नका. लेकुरवाळा माणूस आहे, उगाच त्याची नोकरी जायची.